एका रेणूचें पांघरूण

पावसाळी कामें उरकलीं कीं नांगराचा फाळ पुसून त्यास तेलाचा हात फिरवावा, ही रीत जुनी आहे. पुढें फडक्यानें तेल पुसून काढलें तरी फाळावर कांहीं उरतेंच. तें काय, हें आम्ही वाचकांपुढें मांडीत आहों.

करडई, भुईमूग, एरंडी ह्यांच्या तेलांत थोडीं मोकळीं मेदाम्लें असतात. त्यांच्या प्रत्येक रेणूस एक डोकें व एक लांब शेपूट आहे, अशी कल्पना करावी. डोक्यास पाण्याची व धातूची ओढ असते. शेपटास पाणी नकोसें वाटतें. सबब पाण्यावर हे रेणु डोकें बुडवून व शेपूट वर करून, दाट पेरलेल्या कडवळाप्रमाणें उभे राहतात. स्टिअरिक अम्लाचा असा थर इतका पातळ असतो कीं, सुमारें ४,००,००० थर एकावर एक रचावे तेव्हां एक मिलिमीटर जाडी भरावी.

अमेरिकेंतील अर्व्हिंग लँगम्यूर ह्यांनीं १९१७ सालीं ह्या थरांची मीमांसा केली. त्यांच्या सहकारी कॅथरिन ब्लॉजेट ह्यांनीं १९३५ सालीं दाखविलें कीं, पाण्यावरील थर हलक्या दाबाखालीं ठेवून त्यांत स्वच्छ कांच बुडवावी व काढावी, म्हणजे थरावर थर चढत जातो. १९३८ सालीं त्यांनीं असे ४४ थर देऊन कांचेवरील चकाकी नाहींशी केली.

लोखंडास पाण्याची मध्यस्थी लागत नाहीं. तेलांतील मेदाम्लें आपण होऊन धातूस डोकें चिकटवितात. कांहीं अंशीं तेथें धातूचा साबणही बनतो. शेपटें बाहेर राहतात, म्हणून दोन पृष्ठें एकमेकांवर सहज सरकतात. शेपूट जितकें लांब तितकें घर्षण कमी, असें इंग्लंडांत हार्डी ह्यांस १९२२ सालीं आढळलें.

ह्यावरून शेतकरीबंधूंनीं तीन गोष्टी ध्यानांत धराव्या. माती व ओल असेल तेथें हा थर नीट बसत नाहीं. म्हणून फाळ आधीं घासून कोरडा करावा. एक थर घासून लवकर जातो व एकटा गंज थोपवीत नाहीं. म्हणून सांठवणीच्या वेळीं वर तेलाचा जाड हात द्यावाच. तांब्यापितळेस मात्र खवट तेल लावूं नये. त्यांतील वाढलेलीं अम्लें धातूस खाऊन हिरवा कळंक आणतात.