बॉर्न, ब्रुक्सली

बॉर्न, ब्रुक्सली : (२७ ऑगस्ट १९४० – ). अमेरिकन विधिज्ञ व वायदेबाजार-नियंत्रक आयोगाची माजी अध्यक्षा. जन्म सॅन फ्रॅन्सिस्को येथे. स्टॅनफर्ड विद्यापीठातून तिने विधिपदवी घेतली (१९६४). तेथील ‘स्टॅनफर्ड लॉ रिव्ह्यू’ या नियतकालिकाचे अध्यक्षपद मिळविणारी ती पहिली महिला होय. पुढे वॉशिंग्टनमधील ‘आर्नल्ड अँड पोर्टर’ या वकिली संस्थेत तिने दीर्घकाळ काम केले. हंट बंधूंनी चांदीची साठेबाजी करून भाव चढविण्याचा केलेला प्रयत्न १९८० मध्ये फसला; त्यातून उद्‌भवलेल्या दाव्यांत तिने एका स्विस बँकेची बाजू मांडली.

राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या कारकीर्दीत, १९९६ मध्ये, ती ‘कमॉडिटी फ्यूचर्स ट्रेडिंग कमिशन’ची अध्यक्षा झाली. संघटित बाजारातील वायद्यांवर या आयोगाची देखरेख असते. तेथे प्रत्येक सौद्यामागे समाशोधन गृह उभे असते व भावातील चढउतारानुसार रोजच्या रोज अनामत घेतली जाते. याउलट व्याजदर, चलन इत्यादींवर आधारलेले जे डेरिव्हेटिव्ह करार बँका परस्परांत खाजगीरीत्या करीत, त्यांपैकी बहुतेकांना आयोगानेच १९९३ मध्ये सूट दिली होती. कोण कोणाचे किती देणे लागतो, हे त्यांत बाहेरच्यास कळत नसे.

७ मे १९९८ रोजी आयोगाने यासंबंधी एक विचारपत्र प्रसिद्ध केले. त्यात नवा नियम एकही नव्हता, केवळ प्रश्न होते. तरीही कोषमंत्री रॉबर्ट रूबिन, फेडरल रिझर्व्हचे अध्यक्ष ॲलन ग्रीनस्पॅन व रोखे आयोगाचे अध्यक्ष आर्थर लेव्हिट यांनी त्याच दिवशी संयुक्त पत्रकाद्वारे विरोध दर्शविला. चालू करारांची विधिग्राह्यता यामुळे संशयास्पद ठरेल, हा त्यांचा आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. पण देखरेख कोणी करावयाची, या मूळ प्रश्नास त्यात उत्तर नव्हते.

सप्टेंबर १९९८ मध्ये ‘लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट’ हा निधी बुडू लागला. चौदा वित्तसंस्थांनी सु. ३६० कोटी डॉलर घालून तो सावरला. एवढे होऊनही काँग्रेसने ऑक्टोबरमध्ये आयोगास सहा महिने नवे नियम करण्यास मनाई केली. जून १९९९ मध्ये बॉर्नने पद सोडले आणि डिसेंबर २००० च्या कायद्याने हे करार बव्हंशी नियंत्रणमुक्त झाले.

सप्टेंबर २००८ मध्ये कर्जबुडीच्या हमीचे असेच करार विकणारी ‘एआयजी’ ही विमा कंपनी डबघाईस आली, तेव्हा फेडरल रिझर्व्हने तिला प्रथम ८,५०० कोटी डॉलरचे कर्ज देऊ केले. आपल्या विचारसरणीत दोष आढळल्याचे ग्रीनस्पॅन यांनी ऑक्टोबरमध्ये काँग्रेसच्या समितीपुढे मान्य केले. बॉर्नला २००९ मध्ये ‘प्रोफाइल इन करेज’ पुरस्कार मिळाला व अरिष्टाच्या चौकशी आयोगावरही तिची नेमणूक झाली. यांपैकी बऱ्याच करारांवरील अधिकार २०१० च्या कायद्याने तिच्या जुन्या आयोगाकडे आले.