न्यूमोकोकसचे शर्कराकवच आणि त्याची जनुके

बालकांत न्यूमोनिया व मस्तिष्कावरणदाह उत्पन्न करणाऱ्या जिवाणूंमध्ये न्यूमोकोकस हा प्रमुख होय. त्याच्या पृष्ठभागावर शर्करारेणूंच्या लांब साखळ्यांचे कवच असते. त्यामुळे रक्तातील श्वेतपेशींना त्याचे भक्षण करणे कठीण जाते. हे कवच कसे घडते, हे वैद्य व औषधविक्रेते या दोघांनीही जाणून घेणे आम्हांस अगत्याचे वाटते.

इ.स. १९२८ मध्ये फ्रेडरिक ग्रिफिथ यांनी उंदरांवर प्रयोग केले. उष्णतेने मारलेल्या कवचधारी जिवाणूंच्या सान्निध्यात जिवंत कवचहीन जिवाणू कवचधारी व मारक बनतात, असे त्यांना आढळले. हे परिवर्तन घडविणारे द्रव्य डीएनए होय, हे एव्हरी, मॅक्लिऑड व मॅकार्टी यांनी १९४४ मध्ये दाखविले.

कवचाची जनुके बहुतेक प्रकारांत गुणसूत्रावर एकाच ठिकाणी, ओळीने वसलेली असतात. काही शर्करा तयार करणारी विकरे घडवितात, काही त्या जोडणारी, तर काही साखळी पेशीबाहेर नेणारी. जोडणाऱ्या विकरातील एका अमिनो आम्लाच्या बदलानेही शर्करेचा जोड बदलतो. ६ए व ६बी या प्रकारांतील भेद मूलतः एवढाच आहे. असे शंभरावर प्रकार ज्ञात आहेत. शिवाय दुसऱ्या न्यूमोकोकसचा हा जनुकसमूह स्वीकारून जिवाणू आपले कवचच पालटू शकतो.

लस नेमकी या कवचाविरुद्ध प्रतिकारशक्ती निर्माण करते. अमेरिकेत २००० साली सात प्रकारांची लस आली आणि त्या प्रकारांचे गंभीर रोग घटले. परंतु लसीत नसलेला १९ए वाढला. २०१० च्या तेरा प्रकारांच्या लसीत त्याचा समावेश झाला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने २०२० मध्ये भारतात आणलेल्या दहा प्रकारांच्या लसीतही तो आहे.

यावरून दोन गोष्टी ध्यानी घ्याव्यात. लस घेतलेल्या बालकासही लसीबाहेरील प्रकाराचा न्यूमोनिया होऊ शकतो. तेवढ्यावरून लस निरुपयोगी असे पालकांस सांगणे अनुचित होय. दुसरे, लसीकरणाच्या नोंदीवर विसंबून परीक्षणात शैथिल्य नसावे. कास असलेल्या बालकाचे श्वास पूर्ण मिनिटभर मोजावेत. दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० वा अधिक, एक ते पाच वर्षांत ४० वा अधिक श्वास हे न्यूमोनियाचे सूचक होत. श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, अथवा बालक स्तनपान सोडत असेल, तर काढा-अवलेहात वेळ न दवडता त्यास तत्काळ रुग्णालयात पाठवावे. दुकानात केवळ खोकल्याचे औषध मागावयास आलेल्या पालकांसही औषधविक्रेत्यांनी हे प्रश्न अवश्य विचारावेत, अशी आमची विनंती आहे.