मुलं शेकडो, पण शिक्षक ३७

१९७६ साली इंग्लंडात नेव्हिल बेनेट यांनी पुस्तक लिहून सांगितलं, की जुन्या वळणाच्या शिकवण्यानं प्राथमिक शाळेतली मुलं जास्त प्रगती करतात. केवढा गाजावाजा झाला! पण मुलं शेकडो असली तरी शिक्षक ३७च. एका वर्गातल्या सगळ्यांना एकच मास्तर, मग त्यांचे मार्क स्वतंत्र कसे धरायचे? १९८१ मध्ये एटकिन यांनी (सोबत खुद्द बेनेटही होते) वर्ग हा घटक धरून पुन्हा गणित केलं, तर फरक ठाम म्हणण्याइतका उरलाच नाही.

प्रोजेक्टला असा डेटा घेतलात तर आणखी एक भानगड. 'ए' डिव्हिजन प्रत्येक कॉलेजात असते, आणि सॉफ्टवेअर बिचारं त्या सगळ्या एकच समजतं. तेव्हा कोड वेगळे द्या: पुणे-ए, सांगली-ए. तरीही मॉडेल कुरकुरलं तर आधी डिव्हिजन मोजा. दोन-तीनच असतील तर आणखी पोरं नकोत, आणखी डिव्हिजन हव्यात.