अरबी समुद्रातील चक्रीवादळे आणि हौशी हवामान निरीक्षक : ओझर परिसराच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील ओझर हे गाव विमाननिर्मितीचा कारखाना आणि द्राक्षबागा या दोन गोष्टींमुळे सर्वपरिचित आहे. समुद्रकिनाऱ्यापासून त्याचे हवाई अंतर सुमारे सव्वाशे किलोमीटर असून मध्ये सह्याद्रीची रांग आहे. त्यामुळे चक्रीवादळ हा कोकणचा प्रश्न आहे, असा समज होणे स्वाभाविक आहे. तथापि २०१७ चे ओखी, २०१९ मधील क्यार व महा आणि २०२० चे निसर्ग या वादळांनी हा समज खोटा ठरविला. या काळात हवामानाची आवड असणारा एक वर्गही ठिकठिकाणी पुढे आला. तो उपग्रहाची छायाचित्रे पाहतो, वादळाचा मार्ग नकाशावर आखतो आणि आपले अंदाज इतरांना कळवितो. अशा हौशी निरीक्षणाचे नेमके मोल कशात आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हौशी निरीक्षणाची परंपरा

महाराष्ट्रात पावसाचे भाकीत करण्याची परंपरा जुनी आहे. सहदेव-भाडळीच्या नावाने चालत आलेली वचने आणि बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळची अक्षय्य तृतीयेची घटमांडणी ही तिची ठळक उदाहरणे होत. या परंपरेत भर भाकितावर असतो. भाकीत किती खरे ठरले, याची वर्षानुवर्षांची मोजदाद ठेवण्यावर तो नसतो.

दुसरी परंपरा नोंदीची आहे. ‘सायक्लोन’ हा शब्द रूढ करणारे हेन्री पिडिंग्टन हे पूर्वी जहाजावर कप्तान होते. ते व्यावसायिक हवामानशास्त्रज्ञ नव्हते. कोलकात्यात राहून त्यांनी बंगालच्या उपसागरातून आलेल्या जहाजांच्या नोंदवह्या मिळविल्या आणि त्यांतील वाऱ्याच्या दिशा व दाबाचे आकडे यांवरून वादळांचे मार्ग निश्चित केले. खलाशांसाठी लिहिलेल्या १८४८ च्या ग्रंथात त्यांनी वेटोळे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून हे नाव सुचविले. भारतीय हवामान विभागाची स्थापना त्यानंतर, १८७५ मध्ये झाली. इंग्लंडमध्ये जॉर्ज सायमन्स यांनी १८६० पासून पाऊस मोजणाऱ्या स्वयंसेवकांचे जाळे उभारले व शतकाच्या अखेरीस त्यांची संख्या तीन हजारांवर गेली. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात १९९७ च्या पुरानंतर १९९८ मध्ये नागरिकांचे असेच पर्जन्यमापन सुरू झाले. या तिन्ही उदाहरणांत हौशी माणसाने शास्त्राला दिले ते आकडे होते.

वादळ दूर, नुकसान जवळ

अरबी समुद्रात चक्रीवादळांचे दोन हंगाम मानले जातात. पहिला मान्सूनपूर्व, म्हणजे प्रामुख्याने मे व जूनचा पूर्वार्ध. दुसरा मान्सूनोत्तर, म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. वाऱ्याचा वेग ताशी ३१ ते ४९ किलोमीटर असताना त्या प्रणालीस अवदाब, ५० ते ६१ असताना तीव्र अवदाब आणि ६२ किलोमीटरपासून पुढे चक्रीवादळ म्हटले जाते. नाव याच टप्प्यावर दिले जाते.

ओझरच्या दृष्टीने मात्र वाऱ्याच्या वेगाइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे वादळाची तारीख. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षवेल पोंगा, फुलोरा आणि मणी धरणे अशा नाजूक अवस्थांतून जाते. या काळात ढगाळ हवा व पाऊस आल्यास डाऊनीचा प्रादुर्भाव होतो आणि घडांची कूज व गळ होते. पुढे मण्यात पाणी भरल्यावर पाऊस आला तर मणी तडकतात. याउलट मे महिन्यात बहुतेक बागांची काढणी आटोपलेली असते. तेव्हा काळजी असते ती चाळीतल्या कांद्याची.

२०१९ चे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. त्या वर्षी अरबी समुद्रात वायू, हिका, क्यार, महा व पवन अशी पाच चक्रीवादळे झाली. क्यार हे २००७ च्या गोनूनंतरचे या समुद्रातील पहिले महाचक्रीवादळ होते. ते भारताच्या किनाऱ्यावर न येता पश्चिमेकडे दूर गेले. केवळ मार्गाचा नकाशा पाहणाऱ्याने ‘धोका टळला’ असेच म्हटले असते. प्रत्यक्षात ऑक्टोबरच्या अखेरीस व नोव्हेंबरच्या आरंभी झालेल्या पावसाने नाशिक जिल्ह्यातील द्राक्षबागांचे मोठे नुकसान झाले. डिसेंबर २०१७ मध्ये ओखी गुजरातच्या किनाऱ्याजवळ येताना क्षीण झाले, तरी त्याचा बेमोसमी पाऊस नाशिकपर्यंत पोहोचला. वादळाचा केंद्रबिंदू आणि त्याच्या बाष्पाचा विस्तार या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे यावरून स्पष्ट होते.

निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी दुपारी रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन-दिवेआगरजवळ किनाऱ्यावर आले आणि क्षीण होत उत्तर मध्य महाराष्ट्राकडे सरकले. हवामान विभागाच्या सूचना चार टप्प्यांत दिल्या जातात : ७२ तास आधीची पूर्वदक्षता, ४८ तास आधीची सतर्कता, २४ तास आधीचा इशारा आणि किनारा गाठण्याच्या किमान १२ तास आधी दिला जाणारा, किनारा ओलांडल्यानंतरच्या स्थितीचा अंदाज. पहिले तीन टप्पे मुख्यतः किनारपट्टीसाठी असतात. ओझरसारख्या अंतर्भागासाठी चौथा टप्पा सर्वाधिक उपयुक्त होय.

निरीक्षणाची साधने व दक्षता

हौशी निरीक्षकास तीन साधी निरीक्षणे पुरेशी आहेत.

पहिले, हवेचा दाब. ओझर समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवर असल्याने तेथील प्रत्यक्ष दाब समुद्रसपाटीच्या दाबापेक्षा सुमारे ६५ हेक्टोपास्कलने कमी असतो. हा फरक ध्यानात न घेता आकडा वाचल्यास निरभ्र दिवशीही महाचक्रीवादळ आल्याचा भास होईल. शिवाय उष्ण कटिबंधात दाब रोज दोनदा चढतो व दोनदा उतरतो. सकाळी दहाच्या सुमारास तो अधिक असतो, तर दुपारी चारच्या सुमारास दोन-तीन हेक्टोपास्कलने कमी होतो. नवख्या निरीक्षकाला ही उतरण वादळाची चाहूल वाटते. म्हणून आजच्या चारच्या दाबाची तुलना कालच्या चारच्या दाबाशीच करावी.

दुसरे, वाऱ्याची दिशा. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिल्यास कमी दाबाचे केंद्र साधारणपणे डाव्या हाताला असते. वादळ नैर्ऋत्येस असता वारा आग्नेयेकडून येतो. ते वायव्येस सरकले की वारा नैर्ऋत्येकडून वाहू लागतो. डोंगर व इमारती यांमुळे वारा वळत असल्याने हे निरीक्षण मोकळ्या जागी करणे आवश्यक आहे.

तिसरे, पाऊस. पर्जन्यमापक झाडे व भिंती यांपासून दूर ठेवून रोज सकाळी ८.३० वाजता मोजणी करावी. पाऊस नसलेल्या दिवशी शून्याची नोंदही तितकीच आवश्यक असते.

नोंद आणि भाकीत

महावेध प्रकल्पांतर्गत राज्यात महसूल मंडळ पातळीवर स्वयंचलित हवामान केंद्रे उभारली गेली असून हवामानावर आधारित फळपीक विम्याच्या भरपाईसाठी संदर्भ केंद्राचे आकडे निर्णायक असतात. परंतु एकाच मंडळातील दोन शिवारांत पाऊस सारखा पडतोच असे नाही. खासगी वहीतील आकडा केंद्राच्या आकड्याची जागा घेऊ शकत नाही. तथापि अनेक ठिकाणच्या, एकाच वेळी व एकाच पद्धतीने घेतलेल्या नोंदी ही तफावत दाखवू शकतात. त्यांच्या आधारे केंद्रांच्या संख्येविषयी व जागेविषयी साधार प्रश्न मांडता येतो.

याउलट निराधार भाकिताची किंमत शेतकऱ्याला मोजावी लागते. वादळाच्या अफवेने अपुरी गोडी असलेला माल घाईने काढला जातो किंवा अनावश्यक फवारणी होते. धोका नाही असे सांगितले गेले तर आवश्यक फवारणी राहून जाते. हवामान विभाग संभाव्य मार्ग एका रेषेने न दाखविता रुंदावत जाणाऱ्या पट्ट्याने दाखवितो, कारण कालावधी वाढतो तशी अनिश्चितता वाढते. ती रेषा मानून एका गावावर बोट ठेवणे शास्त्रीय नव्हे.

समारोप

ओझरला मोजणीची शिस्त नवी नाही. वाघाड प्रकल्पाच्या लाभक्षेत्रात १९९० च्या दशकाच्या प्रारंभी समाज परिवर्तन केंद्राच्या पुढाकाराने पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या आणि कालव्याचे पाणी घनमापन पद्धतीने मोजून घेण्याची रीत शेतकऱ्यांनी अंगीकारली. कालव्याच्या पाण्याला लावलेले हेच माप आकाशातील पाण्यालाही लावता येईल. महाविद्यालयांच्या भूगोल व पदार्थविज्ञान विभागांनी उपकरणांची तपासणी, मोजणीची एकसमान वेळ आणि नोंदींचे जतन ही जबाबदारी स्वीकारल्यास विखुरलेल्या हौसेला अभ्यासाचे रूप येईल. वादळ कोठे जाणार हे सांगण्याचे काम हवामान विभागाचे आहे. ते आपल्या शिवारावरून जाताना काय घडले, हे तेथे राहणाऱ्यानेच लिहून ठेवावयाचे आहे.