हातापायाचे घट्टे : कारागिराने काय जाणावे?

तीस वर्षे कापड विकल्यावर हात पाहून माणसाचे काम ओळखता येते. शिंप्याच्या अंगठ्याला कात्रीचा घट्टा, सुताराच्या तळहाताला रंध्याचा, नामपूरच्या कांदा बाजारातील हमालाच्या बोटांना गोणीचा. हा घट्टा पडतो कसा?

आपल्या कातडीत खालच्या बाजूस नव्या पेशी सतत तयार होतात. वर सरकताना त्या चपट्या व निर्जीव होतात आणि शेवटी गळून पडतात. या प्रवासास साधारण महिना लागतो. एकाच जागी रोज दाब व घर्षण झाले, की पेशी जास्त वेगाने बनतात व जुन्या लवकर गळत नाहीत. थरावर थर चढतो. त्यात नखे व केस ज्याचे बनतात तेच केराटिन असते. नमाजीच्या कपाळावरचा व घोट्यावरचा घट्टाही असाच पडतो.

घर्षण एकदम जास्त झाले तर कातडीला तयारीस वेळ मिळत नाही. थर सुटून मध्ये पाणी भरते व फोड येतो. म्हणून नव्या शागीर्दाला पहिल्याच दिवशी दिवसभर कात्री देऊ नये, काम हळूहळू वाढवावे.

हाताचा घट्टा सहसा त्रास देत नाही. काम थांबले की तो काही आठवड्यांत पातळ होऊ लागतो. जपावे लागते ते पायाला, विशेषतः शुगर असणाऱ्यांनी. मधुमेहात पायाची जाणीव कमी होते. कडक घट्टा चपलेतील खड्यासारखा आत दाबत राहतो. खाली जखम होते, पण दुखत नाही म्हणून कळत नाही.

ही चूक मी स्वतः केली. शुगर असून तळपायाचा घट्टा ब्लेडने तासला. जखम चिघळली आणि ऐन ईदच्या सीझनमध्ये दीड महिना दुकान मुलावर सोडावे लागले. वेळेवर आलात म्हणून पाय वाचला, असे डॉक्टर म्हणाले.

तेव्हा बंधूंनो, शुगर नसेल तर पाय दहा मिनिटे कोमट पाण्यात ठेवून वजरीने हलके घासा व तेल लावा. शुगर असेल तर ब्लेड नको, घट्ट्यावरची औषधी पट्टीही नको. तळवे रोज पाहा व घट्टा डॉक्टरांनाच दाखवा. चप्पल मापाची घ्या. कात्रीच्या मुठीला कापडाची चिंधी गुंडाळा. चिंधीला पैसे पडत नाहीत, आणि हातपाय हेच कारागिराचे खरे भांडवल आहे.