दहा जण बोलले की फिर्याद तीन ओळींची होते

गावात किंवा वस्तीत अन्यायाची घटना घडली की आपली माणसे तडक पोलीस ठाण्यावर जातात. ही चांगलीच गोष्ट आहे. एके काळी तेही धाडस नव्हते. पण ठाण्यात गेल्यावर काय होते? पंचवीस-तीस माणसे दारात उभी राहतात. एक जण मारहाणीचे सांगतो, दुसरा दहा वर्षांपूर्वीचे विहिरीचे भांडण काढतो, तिसरा घोषणा देतो, चौथा पुढाऱ्याला फोन लावतो. जिला मार लागला ती बाई मात्र कोपऱ्यात बाकावर पदर तोंडाला लावून बसलेली असते आणि तिला कोणी विचारतच नाही. ठाणे अंमलदार या गोंधळातून आपल्या सोयीचे तेवढे उचलतो आणि लिहितो : ‘किरकोळ कारणावरून बाचाबाची.’ झाली एन.सी.! अदखलपात्र गुन्ह्याची पावती हातात घेऊन मंडळी घरी येतात आणि मग वर्षभर म्हणत राहतात, पोलीस विकले गेले.

पोलिसांचा पक्षपात खोटा आहे असे आम्हाला मुळीच म्हणायचे नाही. तो आहेच. पण जो पक्षपात करणार आहे त्याला पळवाट ठेवायची की नाही, हे काही अंशी आपल्या सांगण्यावर आणि लिहिण्यावर अवलंबून असते. मानवी हक्काचे काम म्हणजे मोर्चा आणि भाषण एवढेच नव्हे. दुःख झालेल्या माणसाचे नीट ऐकणे, ते जसेच्या तसे कागदावर उतरवणे आणि तो कागद योग्य माणसापुढे न डगमगता मांडणे हीच या कामाची मुख्य कला आहे. ती शिकून येते. त्यासाठी वकिलीची पदवी लागत नाही.

बाबासाहेबांकडेच पाहा. १९१९ च्या जानेवारीत ते साउथबरो कमिटीपुढे साक्ष द्यायला उभे राहिले तेव्हा त्यांचे वय सत्तावीस वर्षांचे होते. त्यांनी तोंडी साक्ष दिलीच, पण लेखी निवेदनही सादर केले. १९२८ मध्ये सायमन कमिशनपुढे बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे निवेदने गेली, ती अस्पृश्यांच्या शिक्षणाचे आकडे घेऊन. समाजाचे दुःख त्यांना काही कमी ठाऊक नव्हते. पण सरकारपुढे दुःख मांडताना ते मोजून, पुराव्यानिशी मांडावे लागते, हे त्यांनी ओळखले होते.

महाडचेही तसेच. चवदार तळ्याचे पाणी २० मार्च १९२७ रोजी प्याले हे लहान मुलालाही पाठ असते. पण त्यानंतर त्याच वर्षी डिसेंबरात स्पृश्यांनी कोर्टात दावा लावला, मनाईहुकूम आणला, आणि तो झगडा मुंबई हायकोर्टात १७ मार्च १९३७ रोजी संपला, हे किती घरांत सांगितले जाते? दहा वर्षांत तीन दिवस कमी! आणि हायकोर्टात निकाल कशावर लागला? अस्पृश्यांना तळ्यावर येऊ न देण्याची अनादिकालापासूनची रूढी आहे, असा विरुद्ध पक्षाचा दावा होता. तो त्यांना सिद्ध करता आला नाही. शिवाय तळे सर्वांना खुले असल्याचा महाड नगरपालिकेचा १९२४ चा ठराव आपल्या बाजूला होता. ज्या ओंजळीने इतिहास घडवला, तिच्या मागे असे कागद उभे होते.

आता आपल्या कामाकडे वळू. पहिले काम बोलण्याचे नसून ऐकण्याचे आहे. कार्यकर्ता पीडिताच्या घरी जातो आणि जाताच विचारतो, ‘जातीवरून शिव्या दिल्या ना?’ घाबरलेला माणूस होय म्हणतो. पुढे कोर्टात उलटतपासणीत वकील विचारतो, हे तुम्हाला कोणी सांगायला लावले? आणि खरी घटना खोटी ठरते. म्हणून आपले शब्द त्याच्या तोंडी घालू नयेत. ‘काय झाले ते पहिल्यापासून सांगा,’ एवढेच म्हणावे आणि गप्प बसावे. मध्येच रडू आले तर रडू द्यावे, पाणी द्यावे, घाई करू नये. बाईचे म्हणणे बाईने ऐकावे, आणि घरातले दीर-भावजी, शेजारीपाजारी यांच्या घोळक्यात नव्हे. लैंगिक अत्याचाराची फिर्याद पोलिसांतही महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायची असते, मग आपण दहा पुरुषांनी तिला खोदून खोदून का विचारावे? एकदा नीट ऐकून लिहून घेतले म्हणजे तिला तेच दुःख प्रत्येक नव्या पाहुण्यापुढे उगाळावे लागत नाही. आपल्या महिला मंडळांनी हे काम हाती घेतले तर ते पुरुष कार्यकर्त्यांपेक्षा चांगले होईल, असे आमचे स्पष्ट मत आहे.

लिहिताना सर्वांत जास्त चूक कोठे होते? शिवीपाशी. आपली सभ्य माणसे लिहितात, ‘जातिवाचक शिवीगाळ केली.’ ते शब्द पुन्हा कागदावर लिहायची लाज वाटते, आणि ते स्वाभाविकही आहे. पण लाज शिवी देणाऱ्याची आहे, ऐकणाऱ्याची नाही. कोणी, कोणते शब्द, कोठे उभे राहून, कोणासमोर उच्चारले, हे जसेच्या तसे आले पाहिजे. अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा, १९८९ याप्रमाणे जातीवरून अपमान केल्याचा गुन्हा ठरण्यासाठी तो लोकांच्या नजरेस पडेल अशा ठिकाणी झालेला असावा लागतो. घराच्या चार भिंतींत, बाहेरचे कोणी हजर नसताना झालेला अपमान या कलमात बसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये एका खटल्यात सांगितले. म्हणून ‘किराणा दुकानासमोर, रस्त्यावर, अमुक आणि तमुक हजर असताना’ हे शब्द फिर्यादीचा कणा आहेत. आणि घटना घरातच घडली असेल तर घरातच लिहावे. रस्त्यावर ओढत आणू नये. मारहाण, धमकी, घरात घुसणे यांना कायद्यात वेगळी कलमे आहेतच.

दुसरी एक गोष्ट हमखास राहून जाते. आरोपीला आपली जात ठाऊक होती, हे लिहायला हवे. २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीप्रमाणे, आरोपीची पीडिताशी किंवा त्याच्या कुटुंबाशी व्यक्तिशः ओळख असेल तर त्याला जात ठाऊक होती असे न्यायालयाने गृहीत धरायचे असते. नसल्याचे सिद्ध करणे ही त्याची जबाबदारी. तेव्हा ‘माझे सासरे त्यांच्या शेतावर वीस वर्षे कामाला होते’ हे एक साधे वाक्य फार मोठे काम करून जाते.

खैरलांजीचे नाव काढले की आजही अंगावर काटा येतो. २९ सप्टेंबर २००६ चे ते हत्याकांड. भंडाऱ्याच्या न्यायालयाने २००८ मध्ये आठ जणांना दोषी धरले, पण अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू झाल्याचे मानले नाही. अख्ख्या देशाला जी जात दिसत होती ती निकालपत्रात उतरली नाही! जातीचा मुद्दा अगदी पहिल्या जबाबापासून पुराव्यासह उभा करावा लागतो, हे त्या निकालाने आपल्या डोळ्यांत अंजन घालून शिकवले.

अतिशयोक्तीबद्दलही बोलले पाहिजे, कोणाला राग आला तरी. आठ जण चालून आले असताना ‘शंभर-दीडशेचा जमाव’ लिहायचा आणि घटनेच्या दिवशी मुंबईला असलेल्याचेही नाव जुन्या वैरापोटी घालायचे, हा प्रकार अधूनमधून होतो. आपण विहारात पंचशील घेतो, त्यातले चौथे शील ठाण्याच्या पायरीवर सोडून द्यायचे नसते. व्यवहाराच्या दृष्टीनेही हे घातकच आहे. एक नाव खोटे निघाले की आरोपीचा वकील बाकीच्या सात खऱ्या नावांवर संशय उभा करतो. जे डोळ्यांनी पाहिले ते ‘पाहिले’ म्हणून लिहावे, जे कानावर आले ते ‘अमक्याने सांगितले’ म्हणून लिहावे. ‘काल संध्याकाळी’ असे लिहू नये. तारीख, वार आणि अंदाजे वेळ लिहावी. घड्याळ पाहिले नसेल तर ‘शाळा सुटल्यावर’, ‘शेवटची एस.टी. यायच्या आधी’ असे खुशाल लिहावे. ते खरे वाटते, कारण ते खरे असते.

ठाण्यात जाताना कोण बोलणार हे बाहेरच ठरवावे. पीडित स्वतः, त्याच्याबरोबर एक समजूतदार माणूस, आणि शक्यतो एक लिहिता-वाचता येणारी मुलगी. बाकीच्यांनी आवाराबाहेर शांत थांबावे. अर्ज मराठीतच लिहावा. इंग्रजीने वजन वाढते हा भ्रम आहे. साहेबांशी बोलताना आवाज चढवू नये आणि लाचारीही करू नये. ‘मेहेरबानी करा’ असे म्हणायचे कारण नाही. कायद्याच्या कलम ४ प्रमाणे तोंडी दिलेली माहिती लिहून घेणे, सही घेण्यापूर्वी ती वाचून दाखवणे आणि तिची प्रत लगेच देणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे. प्रतीला पैसे पडत नाहीत. म्हणून न वाचता सही किंवा अंगठा देऊ नये. वाचताना शिवीचे शब्द गाळलेले दिसले तर, ‘साहेब, मी सांगितले ते यात आले नाही, तेवढे घाला,’ असे सरळ म्हणावे. आधी चौकशी करू, मग गुन्हा नोंदवू, असे कोणी म्हटले तर २०१८ ची दुरुस्ती दाखवावी. त्या वर्षी मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालाने अशी प्राथमिक चौकशी आणली होती, देशभर आंदोलन झाले आणि संसदेने ऑगस्टमध्ये कलम १८-अ घालून ती अट काढून टाकली. ‘आमची हद्द नाही’ हेही उत्तर चालत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कोणत्याही ठाण्यात फिर्याद नोंदवता येते, असे स्पष्ट लिहिले आहे.

तरीही नकार मिळालाच तर भांडत बसू नये. नकार देणाऱ्याचे नाव, बक्कल नंबर, तारीख आणि वेळ वहीत टिपून तीच माहिती स्पीड पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवावी. शहरात असाल तर पोलीस आयुक्तांना. पोस्टाची पावती ही त्या दिवसाची सर्वांत मोलाची वस्तू. तेथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. १४५६६ हा राष्ट्रीय मदत क्रमांकही डिसेंबर २०२१ पासून आहे.

मोबाइलबद्दल थोडे. हल्ली मारहाणीचे चित्रण कोणीतरी करतेच, आणि तासाभरात ते सगळ्या ग्रुपवर फिरते. त्यात पीडित बाईचा चेहरा असतो, फाटलेले कपडे असतात. तिची मुले ते उद्या पाहतील, याचा विचार कोणी करीत नाही. लैंगिक गुन्ह्यातील पीडितेची ओळख जाहीर करणे तर स्वतःच गुन्हा आहे. चित्रण पुढे पाठवण्याऐवजी ज्या फोनवर मूळ चित्रण आहे तो जपून ठेवावा, कारण पुरावा म्हणून विचारणा होते ती त्याची. वार्ताहर आला तर एकानेच बोलावे, पीडिताला विचारून बोलावे, आणि तपासात अडचण येईल असे काही सांगू नये.

गुन्हा नोंद झाला की कार्यकर्त्यांची गर्दी ओसरते. खरे तर तेव्हाच घरच्यांशी वारंवार बोलण्याची गरज असते. गावात राहायचे आहे, तडजोड करून टाका, असे सांगायला लोक येऊ लागतात. त्यात आपलेही असतात. अशा वेळी पीडिताला पुढचा रस्ता माहीत असला तर तो टिकतो. तपास पोलीस उपअधीक्षकाच्या खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडे नसावा, आरोपपत्र साठ दिवसांत जावे, आर्थिक साहाय्य मिळावे, ही सारी नियमांतली तरतूद आहे. आरोपीच्या जामीन अर्जाची सूचना पीडिताला मिळाली पाहिजे आणि त्याचे म्हणणे ऐकले गेले पाहिजे, असे कलम १५-अ सांगते. हे त्याला सोप्या भाषेत, दोनदा-तीनदा, घरातल्या बायकांसमोर सांगावे. तारखांना बरोबर कोण जाणार तेही ठरवून टाकावे.

रविवारी वंदना झाल्यावर विहारात अर्धा तास या सरावाला द्यायला काय हरकत आहे? एकाने ठाणे अंमलदार व्हावे, एकीने फिर्यादी व्हावे. नववी-दहावीतल्या मुलींनी फिर्याद लिहावी आणि मोठ्याने वाचून दाखवावी. ऐकणाऱ्यांनी तारीख, जागा, साक्षीदार, शब्द यांतले काय राहिले ते सांगावे. वहीत वस्तीच्या ठाण्याचा, उपअधीक्षकांचा आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा पत्ता लिहून ठेवावा. फिर्यादीची प्रत, दवाखान्याचे कागद आणि पोस्टाच्या पावत्या यांच्या दोन-दोन झेरॉक्स काढाव्यात : एक घरातल्या पेटीत, एक मंडळाच्या कपाटात, आणि मूळ कागद ज्याचा त्याच्याकडेच.