स्वमग्न मूल आणि देवदर्शन



मांडवी परिसरात एकादशीस श्री विठ्ठलनाथजींचा वरघोडा निघतो, तेव्हा वाद्यांचा गजर आपल्या अंगावर रोमांच उभे करतो. स्वमग्न, म्हणजेच ऑटिझम असलेल्या मुलास तोच नाद असह्य होऊ शकतो. ते कान झाकते, रांगेत थांबत नाही. लोक टक लावून पाहतात आणि आईवडील देवळात येणेच सोडतात.

स्वमग्नता म्हणजे बाधा नव्हे, आईवडिलांच्या पापाचे फळही नव्हे. मेंदूच्या जडणघडणीतील तो वेगळेपणा आहे. डॉ. लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांच्या निरीक्षणावरून त्याचे वर्णन केले. नवस अवश्य बोलावा; परंतु त्यापायी मुलाचे शिक्षण व वाचोपचार थांबवू नयेत.

अशा मुलास देव कळतो काय? २०१२ साली काही संशोधकांनी असे मांडले, की दुसऱ्याचे मन ओळखणे ज्यास कठीण जाते, त्यास सगुण ईश्वरावर श्रद्धा ठेवणेही कठीण जाते. पुढे २०१७ साली नेदरलँड्स व अमेरिकेतील सर्वसामान्य लोकांच्या मोठ्या पाहणीत आस्तिक व नास्तिक यांत या शक्तीचा म्हणावा तसा फरक आढळला नाही. भोवतालच्या माणसांचे धर्माचरण पाहत वाढणे, हे मात्र श्रद्धेशी निगडित दिसले.

आपल्या परंपरेस हे नवे नाही. आजी रोज त्याच वेळी दिवा लावते, तेच नाम घेते. ठरलेला क्रम व पुनरावृत्ती यांत अनेक स्वमग्न व्यक्तींस स्वस्थता लाभते. आणि नित्यपूजा व नामस्मरण यांचा पायाही तोच आहे. जे मूल बोलत नाही, ते भक्तिहीन आहे असे ठरविण्याचा अधिकार आम्हांस नाही.

म्हणून आमची विनंती अशी: पालकांनी गर्दी नसताना, शक्यतो एकाच ठरावीक वेळी मुलास दर्शनास आणावे. सेवेकऱ्यांनी त्या वेळी घंटा हळू वाजवावी. गंध वा तीर्थ बळेच देऊ नये. इतर भाविकांनी प्रश्न न विचारता वाट द्यावी. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यात स्वमग्नतेचा समावेश आहे. परंतु देवाच्या दारी कायद्याची आठवण द्यावी लागू नये.

विटेवरचा विठ्ठलही नजरेला नजर देण्याचा आग्रह कोणास करीत नाही.

– विश्वस्त मंडळ